लुप्त निवेदकाची जागा : विनोदी मालिकेच्या दिग्दर्शकाचे कार्य

१

मराठी विनोदाची चिकित्सा शब्दनिष्ठ, प्रसंगनिष्ठ आणि स्वभावनिष्ठ या तीन प्रकारांच्या आधारे करण्याची रीत जुनी आहे. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांपासून पु. ल. देशपांडे यांच्यापर्यंतच्या लेखकांचे परीक्षण बहुधा याच चौकटीत झालेले आढळते. मुद्रित वाङ्मयाला ही चौकट पुरेशी पडते. रंगभूमीवरील प्रहसनालाही ती बऱ्याच अंशी लागू होते. दूरचित्रवाणीवरील विनोदी मालिकेकडे वळताच मात्र तिची अडचण होऊ लागते. मालिकेतील एखाद्या भागाचे कथानक सांगून पाहावे, तर ते अगदीच क्षुल्लक वाटते. त्यातील संवाद उतरवून काढावेत, तर त्यांतील निम्मे वाचताना हसू येत नाही. तरीही तो भाग पाहताना हसू आले होते, ही गोष्ट नाकारता येत नाही. हे हास्य कोठून आले, या प्रश्नाला ‘नटांच्या अभिनयातून’ असे उत्तर देऊन विषय संपविला जातो. लेखक आणि नट यांच्यामध्ये उभा असलेला जो तिसरा कलावंत, त्याचे नाव श्रेयनामावलीत येते. टीकेत मात्र ते क्वचितच येते.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य असे : आपल्याकडील उत्तम विनोदी मालिकांच्या मुळाशी पाहिले, तर तेथे कोणीतरी एक पाहणारा असतो. कधी तो गोष्ट सांगणारा निवेदक असतो, कधी व्यंगचित्राच्या कोपऱ्यात उभा असलेला मुका साक्षी असतो, तर कधी रोजनिशी लिहिणारा वृद्ध असतो. मूळ कृतीतील विनोद हा या पाहणाऱ्याच्या दृष्टीत साठविलेला असतो. कृती पडद्यावर आली की हा पाहणारा एकतर नाहीसा होतो, नाहीतर इतर पात्रांसारखेच एक पात्र होऊन बसतो. त्याची रिकामी झालेली जागा भरून काढणे हे दिग्दर्शकाचे खरे कार्य होय. ते साधले तर मालिका टिकते. न साधले तर उत्तम संवाद आणि उत्तम नट असूनही ती विखुरते.

२

या कार्याची कसोटी कोठे लावावी, हाही प्रश्न महत्त्वाचा आहे. मुंबई-पुण्याचा प्रेक्षक या कसोटीला फारसा उपयोगी नाही. चाळ, सदनिका, लोकलगाडी, कचेरी या गोष्टी त्याला आधीच ठाऊक असतात. दिग्दर्शकाने अर्धवट दाखविलेले तो स्वतःच्या अनुभवाने पुरे करून घेतो. याच्या उलट, मराठवाड्यातील परतूरसारख्या तालुक्याच्या गावी बसलेल्या प्रेक्षकाला जे काही कळावयाचे, ते पडद्यावरूनच कळावयाचे असते. त्याच्यापुढे दिग्दर्शकाला काही गृहीत धरता येत नाही. म्हणून या विवेचनात परतूर हे पाहण्याचे ठिकाण म्हणून पुढे ठेवले आहे.

परतूर हे मनमाड-काचीगुडा लोहमार्गावरील गाव. १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता. १९५६ साली तो द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. परतूर तालुका पूर्वी परभणी जिल्ह्यात होता. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हा तो नव्या जिल्ह्यात समाविष्ट झाला. त्याच्या पुढल्याच वर्षी, १५ ऑगस्ट १९८२ रोजी, दूरदर्शनचे राष्ट्रीय प्रसारण आणि रंगीत चित्र यांचा आरंभ झाला. या दोन घटनांचा परस्परांशी संबंध नाही. परंतु त्यांच्या सान्निध्याने एक गोष्ट ध्यानात येते. जिल्ह्याचे ठिकाण बदलले तरी परतूरच्या माणसाला औरंगाबाद आणि मुंबई पूर्वीइतकीच दूर होती. विनोदी नाटकाची मंडळी गावी येईल तेव्हाच नाटक पाहावयाचे, हा तोपर्यंतचा नियम होता. उपग्रह आणि लघुशक्ती प्रक्षेपण केंद्रे यांचे जाळे १९८४-८५ च्या सुमारास पसरू लागले आणि दादरच्या घरात व मराठवाड्यातील मोंढ्याजवळच्या घरात तोच विनोद त्याच मिनिटाला पोहोचणे शक्य झाले. रंगभूमीवरील नटाला समोरच्या प्रेक्षागृहाचे हसणे ऐकू येते आणि त्याप्रमाणे तो आपला वेग कमी-अधिक करतो. मालिकेच्या दिग्दर्शकाला परतूरचे हसणे कधीच ऐकू येणार नव्हते. न दिसणाऱ्या आणि न ऐकू येणाऱ्या प्रेक्षकासाठी विनोदाचे माप ठरविणे, ही त्याच्यापुढील अडचण होती.

३

या प्रवासाचा आरंभ मुंबई दूरदर्शन केंद्रापासून होतो. २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालेल्या या केंद्रात ‘निर्माता’ हे पद असे. या शब्दाने आज जो अर्थबोध होतो, त्याहून त्या पदाचे काम फार वेगळे होते. पैसा पुरविणे हे निर्मात्याचे काम नव्हते. संहिता मिळविणे, नट निवडणे, तालमी घेणे, कॅमेऱ्यांच्या जागा ठरविणे आणि चित्रीकरणाच्या वेळी कोणत्या क्षणी कोणत्या कॅमेऱ्याचे चित्र घ्यावयाचे याचा निर्णय करणे, हे सर्व त्याच्याकडे असे. ‘गजरा’ या कार्यक्रमाचे विनायक चासकर, किंवा बबन प्रभू यांच्यासमवेत ‘हास-परिहास’ सादर करणारे याकूब सईद, ही या परंपरेतील ठळक नावे होत. पदाचे नाव ‘निर्माता’ असल्यामुळे त्यांच्या दिग्दर्शनाची दखल दिग्दर्शन म्हणून घेतली गेली नाही. त्या काळातील अनेक चित्रफिती पुन्हा चित्रीकरणासाठी वापरल्या गेल्या आणि मूळ कार्यक्रम पुसले गेले. त्यामुळे ही उपेक्षा कायमची होऊन बसली.

याच केंद्रावरून १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात चिं. वि. जोशी यांच्या कथांवर आधारलेली ‘चिमणराव’ ही मालिका प्रसारित झाली. दिलीप प्रभावळकर चिमणराव झाले आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. या मालिकेचे यश सामान्यतः या दोन नटांच्या नावे जमा केले जाते आणि ते योग्यही आहे. तथापि या रूपांतरात जी अडचण होती, तिचा विचार झालेला नाही. चिं. वि. जोशी यांच्या कथा चिमणराव स्वतः सांगतो. तो भित्रा आहे, सरळमार्गी आहे आणि आपल्या फजितीचे वर्णन तो अशा गंभीर नेमस्तपणाने करतो की वाचकाला त्याच्या शब्दांमागचे सत्य त्याच्याआधी उमगते. विनोदाचे मर्म फजितीत नसून ती सांगण्याच्या या पद्धतीत आहे. पडद्यावर चिमणराव दिसू लागला की तो सांगणारा राहत नाही. काऊ आणि गुंड्याभाऊ यांच्यासारखाच तोही आता पाहिला जाणारा होतो आणि उरते ती नुसती फजिती.

१९४० साली मास्टर विनायकांनी ‘लग्न पहावे करून’ या चित्रपटात दामुअण्णा मालवणकर आणि विष्णुपंत जोग यांना घेऊन ही जोडी प्रथम पडद्यावर आणली, तेव्हा त्यांनी ही अडचण वेगाने व घटनांच्या रेलचेलीने झाकली. चित्रपटाला ते शक्य असते. दोन-अडीच तासांत सर्व आटोपते. दूरदर्शनवरील मालिकेला तो मार्ग उपलब्ध नव्हता. छोटा स्टुडिओ, मोजके नेपथ्य, कृष्णधवल चित्र आणि दर भागाला नवी गोष्ट, अशा मर्यादेत काम करताना निर्मात्यापुढे एकच उपाय होता : घटनेपेक्षा घटनेनंतरच्या चेहऱ्यावर थांबणे. फजिती होऊन गेल्यावर चिमणराव क्षणभर जो गप्प राहतो, त्या गप्प राहण्यात कथेतील निवेदनाचा स्वर पुन्हा प्रकट होतो. हा क्षण किती वेळ ठेवावयाचा हे नट एकटा ठरवू शकत नाही. चित्र केव्हा बदलावयाचे हे ज्याच्या हाती, तो ते ठरवितो.

या मालिकेच्या संदर्भात परतूरचे स्थान मात्र वाचकाचे होते, प्रेक्षकाचे नव्हते. त्या वेळी मुंबई केंद्राचे चित्र मुंबई-पुण्याच्या परिसराबाहेर पोहोचत नसे. मराठवाड्याला चिमणराव ठाऊक होता तो ग्रंथालयातील पुस्तकांतून, म्हणजे त्याच्या स्वतःच्या निवेदनातून. एकाच भाषेच्या दोन भागांना एकच पात्र दोन वेगळ्या रूपांत भेटले, ही वस्तुस्थिती तुलनात्मक अभ्यासाला उपयोगी पडण्यासारखी आहे.

४

मालिकेच्या दिग्दर्शनाचे स्वरूप अधिक स्पष्ट होण्यासाठी बाहेरच्या दोन उदाहरणांचा विचार करणे इष्ट ठरेल. अमेरिकेत १९५१ साली सुरू झालेल्या ‘आय लव्ह ल्यूसी’ या मालिकेने प्रत्यक्ष प्रेक्षकांसमोर एकाच वेळी तीन चित्रपट-कॅमेऱ्यांनी चित्रीकरण करण्याची पद्धत रूढ केली. पहिल्या वर्षी तिचे दिग्दर्शन मार्क डॅनियल्स यांनी केले. त्यानंतर विल्यम ॲशर आले. ब्रिटनमध्ये ‘फॉल्टी टॉवर्स’ या मालिकेचे केवळ बारा भाग झाले : सहा १९७५ साली आणि सहा १९७९ साली. लेखन दोन्ही वेळी जॉन क्लीज आणि कॉनी बूथ यांचेच. परंतु पहिल्या सहांचे दिग्दर्शन जॉन हॉवर्ड डेव्हिस यांनी केले आणि दुसऱ्या सहांचे बॉब स्पायर्स यांनी.

या उदाहरणांवरून एक आक्षेप सहज सुचतो. दिग्दर्शक बदलला तरी मालिकेचा दर्जा ढळत नसेल, तर दिग्दर्शकाचे महत्त्व ते काय? हा आक्षेप वरवर सबळ दिसतो. परंतु तो दिग्दर्शकाकडे कादंबरीकाराच्या दृष्टीने पाहण्यातून उद्भवतो. कादंबरीकाराची थोरवी त्याच्या वेगळेपणात असते. मालिकेच्या दिग्दर्शकाची थोरवी गायकीच्या घराण्यातील शिष्यासारखी असते. आवाज स्वतःचा, परंतु चाल, लगाव आणि शिस्त घराण्याची. पहिल्या दिग्दर्शकाने दार कोठे, जिना कोठे, मेज कोठे आणि पात्र आत आल्यावर किती वेळाने त्याचे बोलणे सुरू व्हावयाचे, हे नियम घालून दिलेले असतात. दुसऱ्याने ते पाळावयाचे आणि पाळताना त्यांत जीव ठेवावयाचा असतो. म्हणजे दिग्दर्शक बदलूनही घर तेच राहते, याचे कारण दिग्दर्शन गौण असते हे नसून पहिल्या दिग्दर्शकाने ते घर पक्के बांधलेले असते, हे होय.

५

भारतीय दूरचित्रवाणीवर असे पक्के घर बांधणाऱ्यांत कुंदन शहा यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून शिकून बाहेर पडलेल्या या दिग्दर्शकाची कीर्ती मुख्यतः ‘जाने भी दो यारों’ (१९८३) या चित्रपटावर उभी आहे. त्या चित्रपटाच्या अखेरीस चाललेल्या महाभारताच्या नाट्यप्रयोगात सगळी पात्रे घुसतात आणि नाटक, कथानक आणि औचित्य यांची एकदमच वाताहत होते. उपरोधाची ती परिसीमा होती. शेवटी दोन्ही नायक कैद्यांच्या वेशात दिसतात आणि प्रेक्षकाला कोणताही दिलासा मिळत नाही. असा दिग्दर्शक पुढल्याच वर्षी आठवड्याच्या मालिकेकडे वळला, तेव्हा त्याने आपल्या स्वभावातील कोणता भाग मागे ठेवला, हे पाहणे उद्बोधक आहे.

१९८४ साली सुरू झालेल्या ‘ये जो है जिंदगी’चे लेखन शरद जोशी यांचे होते आणि कुंदन शहा यांच्याबरोबर मंजुल सिन्हा व रमण कुमार यांनीही तिचे दिग्दर्शन केले. शफी इनामदार, स्वरूप संपत आणि राकेश बेदी यांचे घर स्थिर. सतीश शहा मात्र दर भागात नव्या पात्राच्या रूपाने त्या घरात येणार. या रचनेत मालिकेच्या विनोदाचा मूळ नियम स्पष्ट दिसतो. त्याला पुनरागमनाचा नियम म्हणता येईल. भागात काहीही घडो, पुढल्या आठवड्यात हेच घर जसेच्या तसे परत यावयास हवे. म्हणून ‘जाने भी दो यारों’मधील सर्वनाश येथे वर्ज्य ठरतो. गोंधळ वाढवीत न्यावयाचा, परंतु घराची चौकट मोडेल त्याच्या एक पाऊल आधी थांबवावयाचा, ही या प्रकारातील शिस्त आहे. थांबविण्याची ही जागा संहितेत लिहून ठेवता येत नाही.

‘नुक्कड’ (१९८६-८७) मध्ये कुंदन शहा आणि सईद अख्तर मिर्झा यांनी घरही काढून टाकले आणि केवळ चौक ठेवला. प्रबोध जोशी यांनी लिहिलेल्या या मालिकेत विजेची दुरुस्ती करणारा गुरू आहे, सायकली दुरुस्त करणारा हरी आहे, कादरभाईचे हॉटेल आहे, करीम हजाम आहे, गणपत हवालदार आहे आणि दारूच्या धुंदीत सत्य बोलणारा खोपडी आहे. येथे निवेदक नाही, साक्षी नाही आणि नायकही नाही. अशा रचनेत दिग्दर्शकाने पाहण्याची जागा कोठे निवडली? ती चौकातील रिकाम्या बाकासारखी आहे, असे म्हणता येईल. एखादे पात्र बोलत असताना मागे दुसऱ्याचे काम चालू असते. ऐकणारा मध्येच हातातील वस्तूकडे वळतो. कोणाचे दुःख मोठे होऊ लागले की कोणीतरी चहा मागतो. प्रेक्षक या मंडळींकडे वरून पाहत नाही. त्यांच्यात बसून पाहतो.

परतूरच्या प्रेक्षकाला मुंबईचा हा चौक अपरिचित वाटण्याचे कारण नव्हते, याची दोन कारणे देता येतील. पहिले भाषेचे. मराठवाड्याच्या बाजारात दखनी आणि मराठी पिढ्यान् पिढ्या शेजारी नांदल्या आहेत. निजामी राजवटीत शिकलेल्या पिढीला उर्दू शाळेपासूनच परिचित होती. करीम हजाम आणि कादरभाई यांच्या बोलीसाठी या प्रेक्षकाला दुभाषी नको होता. दुसरे कारण दिग्दर्शनाचे. मालिकेतील चौकाचा भूगोल पहिल्या काही भागांतच पक्का केला गेला. कोण कोठून येतो आणि कोठे बसतो, हे प्रेक्षकाला पाठ झाले. ज्या गावात बसस्थानकासमोर, मोंढ्यात किंवा स्टेशनच्या रस्त्यावर अशाच जागा माणसांच्या नावांनी ओळखल्या जातात, तेथे हा भूगोल परका राहत नाही. तालुक्याच्या गावाचा चौक हा तेथील प्रेक्षकाने मालिकेच्या चौकात ओळखला, आणि ही ओळख पटविणे हे दिग्दर्शकांचे यश होय.

या मालिकेत उणीव नाही असे नाही. काही भागांत करुणेचा भार वाढतो. पात्रे आपल्या गरिबीविषयी स्वतःच बोलू लागतात आणि बाकावर बसलेली दृष्टी एकाएकी व्यासपीठावर चढते. अशा वेळी विनोद नाहीसा होतो आणि त्याच्या जागी उपदेश येतो. परंतु हा दोष ज्या भागांत दिसतो, त्यांवरूनच इतर भागांतील संयमाची किंमत कळते.

६

‘वागळे की दुनिया’ (१९८८) हा कुंदन शहा यांच्या दिग्दर्शनाचा सर्वांत अवघड आणि सर्वांत यशस्वी प्रयोग म्हणावा लागेल. दुर्गा खोटे प्रॉडक्शन्सच्या या मालिकेची पात्रे आर. के. लक्ष्मण यांची होती. लक्ष्मण यांचा ‘कॉमन मॅन’ १९५०च्या दशकापासून ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या वाचकाला परिचित होता; चौकड्यांचा कोट, धोतर, चष्मा आणि संपूर्ण मौन. मंत्री बोलतात, अधिकारी बोलतात, तो मात्र पाहतो. व्यंगचित्रातील सर्व उपरोध त्याच्या या न बोलण्यात असतो. वागळे हा कॉमन मॅन नव्हे. परंतु त्याच कुळातला आहे. तो कारकून आहे, संसारी आहे, आणि मालिकेचा नायक असल्याने त्याला बोलणे भाग आहे. मुक्या साक्षीला बोलते केले की त्याचा साक्षीपणा संपण्याचा धोका असतो.

या अडचणीतून शहा यांनी काढलेला मार्ग लक्षात घेण्याजोगा आहे. अंजन श्रीवास्तव यांचा वागळे बोलतो; परंतु त्याचे बोलणे बहुधा उशिरा येते. जे बोलावयास हवे होते ते त्या क्षणी त्याला सुचत नाही, किंवा सुचले तरी तो ते गिळून टाकतो. त्यामुळे प्रसंगाच्या ऐन मध्यावर तो पुन्हा पाहणाराच राहतो. भारती आचरेकर यांची राधिका त्याच्याकडे पाहत असते, आणि प्रेक्षक त्या दोघांकडे. पाहण्याचे हे दुहेरी वळण म्हणजे लक्ष्मण यांच्या रेषेचे चित्रभाषेत झालेले रूपांतर होय. येथे घटना लहान ठेवल्या आहेत, कारण मोठ्या घटनेत माणसाला पाहत राहता येत नाही. ‘जाने भी दो यारों’मध्ये भ्रष्टाचाराला प्रचंड रूप देणाऱ्या दिग्दर्शकाने येथे तोच विषय एका कारकुनाच्या अवघडलेपणाएवढा लहान केला. या लहान करण्यात त्याच्या कलेची वाढ दिसते.

आणखी एक गोष्ट नोंदविण्यासारखी आहे. घर मराठी, नट निरनिराळ्या प्रांतांतील, भाषा हिंदी. मराठीपण शब्दांत ठेवण्याची सोय नव्हती. ते वागण्यातील संकोचात, हिशेबी काटकसरीत आणि शेजाऱ्यांविषयीच्या भिडेत ठेवावे लागले. परतूरच्या मराठी प्रेक्षकाने हे घर मराठी म्हणून ओळखले असेल, तर ते भाषेवरून नव्हे, वर्तनावरून. वर्तनातून संस्कृती दाखविणे हे दिग्दर्शनाचेच क्षेत्र आहे. २०२१ साली ही मालिका पुढल्या पिढीच्या कथेच्या रूपाने खाजगी वाहिनीवर पुन्हा अवतरली, यावरून मूळ घराचा पाया किती खोल होता याची कल्पना येते.

७

मराठी मालिकांत या परंपरेचा परिपाक ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ या मालिकेत झाला. एकेकाळचे चिमणराव, दिलीप प्रभावळकर, यांच्या ‘अनुदिनी’ या दैनंदिनीरूप लेखनावर ती आधारलेली होती. २००१ च्या सुमारास आरंभ झालेल्या या मालिकेचे दिग्दर्शन केदार शिंदे यांनी केले. राजन भिसे, शुभांगी गोखले, रेश्मा नाईक आणि विकास कदम यांच्यासह आबांच्या भूमिकेत स्वतः प्रभावळकर होते. तीन पिढ्यांचे हे मध्यमवर्गीय घर. आणि त्या घराची नोंद ठेवणारे आबा.

येथे मूळ लेखक, निवेदक आणि नट हे तिघे एकाच व्यक्तीत आलेले असल्याने दिग्दर्शकाला काही करावयाचे उरले नाही, असा समज होणे शक्य आहे. वस्तुतः अडचण येथेच वाढते. आबा हे रोजनिशी लिहितात तेव्हा ते निवेदक असतात. मुलांच्या खोलीत किंवा जेवणाच्या टेबलाशी येतात तेव्हा ते फजित होणारे एक वृद्ध असतात. या दोन आबांमधील अंतर राखले नाही, तर रोजनिशी म्हणजे तात्पर्य सांगण्याची पाटी होऊन बसते. केदार शिंदे यांनी हे अंतर वेगाच्या भेदाने राखले. कुटुंबाचे दृश्य गजबजलेले, एकमेकांचे बोलणे तोडणारे. आबांचे एकटेपण मंद. त्यामुळे आबांचे निष्कर्ष अंतिम वाटत नाहीत. तेही आणखी एका माणसाचे मत म्हणून येतात, आणि त्यांच्याकडेही किंचित हसून पाहता येते.

याच दिग्दर्शकाने २००२ साली रंगभूमीवर ‘सही रे सही’ हे अतिवेगवान प्रहसन आणले, ही गोष्ट येथे मुद्दाम लक्षात घ्यावयास हवी. कुंदन शहा यांच्या बाबतीत जे दिसले, तेच येथेही दिसते. एका माध्यमात बेफाम असणारा कलावंत दुसऱ्या माध्यमात आवरून धरतो. दोघांच्या बाबतीत हा योगायोग मानणे कठीण आहे. पुनरागमनाचा नियम आणि पाहणाऱ्याची जागा या दोन गोष्टी मालिकेच्या दिग्दर्शकाकडून हा संयम मागून घेतात. आणि ज्याच्याजवळ बेफाम होण्याची शक्ती आहे, त्याच्याच संयमाला वजन असते.

८

याच्या विरुद्ध बाजूचे उदाहरण म्हणजे ध्वनिमुद्रित हास्य. १९९०च्या दशकात स्टुडिओत चित्रित झालेल्या अनेक विनोदी मालिकांतून ते वापरले गेले. त्याच्या वापराने प्रत्येक मालिका वाईट झाली, असे म्हणता येणार नाही. त्यांतील काहींमध्ये नटांचे काम उच्च प्रतीचे होते. परंतु या हास्याचे कार्य काय, हे ओळखले पाहिजे. कोठे हसावयाचे हे ते सांगते. म्हणजे पाहणाऱ्याची रिकामी जागा तेही भरते; फरक इतकाच की तेथे दृष्टीच्या ऐवजी गोंगाट बसविलेला असतो. दूरच्या प्रेक्षकाविषयीची दिग्दर्शकाची शंका त्यातून व्यक्त होते. परतूरच्या माणसाला विनोद कळेल किंवा नाही याची खात्री नसल्याने त्याच्या वतीने दुसऱ्याच कोणी हसावे, अशी ती व्यवस्था आहे. वागळे किंवा टिपरे यांच्या दिग्दर्शकांनी ज्या क्षणावर विश्वासाने थांबावे, तो क्षण अशा मालिकेत हास्याने भरून टाकलेला आढळतो.

या सर्व विवेचनाचा अभिप्राय लेखकाचे किंवा नटाचे श्रेय कमी करण्याचा नाही. शरद जोशी, प्रबोध जोशी, लक्ष्मण आणि प्रभावळकर यांच्यावाचून या मालिका संभवल्याच नसत्या. प्रश्न आहे तो अभ्यासाच्या पद्धतीचा. विद्यापीठीय विभागांत विनोदाचा अभ्यास संहितेपासून सुरू होतो आणि संहितेपाशीच संपतो. नाट्याभ्यासात दिग्दर्शकाला जे स्थान विजया मेहता यांच्यासारख्यांच्या कार्यामुळे मिळाले, ते मालिकेच्या दिग्दर्शकाला अद्याप मिळालेले नाही. त्याचे कारण मालिका हलक्या मानल्या जातात, हे असू शकेल. परंतु चिमणरावाच्या कथाही एकेकाळी करमणुकीचे वाङ्मय म्हणूनच वाचल्या जात, आणि आज त्या अभ्यासक्रमात आहेत.

हे काम आता लांबणीवर टाकण्यासारखे नाही. कुंदन शहा ७ ऑक्टोबर २०१७ रोजी निवर्तले. आरंभीच्या काळातील निर्माते, कॅमेरामन आणि संकलक वृद्ध झाले आहेत. अनेक भाग पुसले गेले आहेत. जे भाग शिल्लक आहेत, त्यांचे दृश्यवार टिपण करणे, एकाच मालिकेतील निरनिराळ्या दिग्दर्शकांच्या भागांची तुलना करणे, मूळ कथा व भाग यांतील निवेदकाचे स्थान तपासणे, ही कामे पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या आवाक्यातील आहेत. आणखी एक काम मराठवाड्यातील विद्यार्थ्यांनाच अधिक चांगले करता येईल. परतूर, मंठा, सेलू, जिंतूर अशा गावांत १९८४ नंतरच्या दशकात ज्यांनी शेजाऱ्यांच्या संचासमोर बसून या मालिका पाहिल्या, ती पिढी अद्याप हयात आहे. त्यांना काय आठवते, संवाद आठवतो की चेहरा, प्रसंग आठवतो की जागा, याची पद्धतशीर नोंद झाली, तर दिग्दर्शकाच्या कार्याविषयी येथे मांडलेले मत खरे की खोटे हे ठरविता येईल. ज्या प्रेक्षकाचे हसणे दिग्दर्शकाला ऐकू आले नाही, त्याची साक्ष या प्रश्नात सर्वांत आधी घेतली पाहिजे.